भिवापूरच्या आबाजींचं उत्तर

प्रणाली बारापात्रेला नोकरी लागली तेव्हा तांडापेठेतल्या त्या गल्लीत पेढे वाटले गेले. नोकरी कसली ते वाटणाऱ्याला नीट सांगता येत नव्हतं, आणि तोंडात पेढा असलेला माणूस फार विचारत नाही. पोस्ट होती अॅनालिस्टची, रिसर्च कंपनीत. तिचे वडील संजीव इतवारीत कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवायला उभे राहतात. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोट्टी मोठमोठ्या कंपन्यांले सल्ला देते जी." आई पुष्पलता म्हणायची, "कॉम्प्युटरवर असते." दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

रिसर्च म्हटलं की डोळ्यापुढे पांढरा कोट येतो, काचेच्या नळ्या येतात. प्रणालीच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, कानाला लावायचं ते यंत्र होतं, आणि पाण्याची बाटली. दिवसभर ती फोन करायची. कुठल्यातरी लांबच्या कंपनीला एखादा माल घ्यायचा असतो, त्या मालाची खबर हवी असते. गावोगाव हिंडायला त्यांना वेळ नाही, आणि हिंडले तरी गाव त्यांना काय खरं सांगणार. मग ते या रिसर्चवाल्यांना काम देतात. रिसर्चवाल्यांकडे प्रणालीसारखी पोरं असतात, ती फोन करून विचारतात, टिपून घेतात, आणि वरची माणसं त्याचा रंगीत अहवाल बनवतात. चिवडा एकाने करायचा आणि पाकिटात दुसऱ्याने भरायचा, तसं.

पण फोनवर खरं सांगितलं तर कोणी बोलत नाही, हे पोरीला पहिल्याच आठवड्यात कळलं. "मी अमक्या कंपनीतून बोलतेय" म्हणेपर्यंत समोरचा "गाडी चालवून राहिलो" म्हणायचा आणि फोन बंद. तिच्यावरची सुरुची, धरमपेठेतली, बोलायला गोड आणि कामाला कडक, तिने मग तिला जवळ बसवून सांगितलं.

"स्टुडंट आहेस म्हणायचं. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, सरांना द्यायचाय. लोक मदत करतात गं."

"पण मॅम, मी स्टुडंट नाहीये."

"मागच्या वर्षीपर्यंत होतीस ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवसापासून प्रणालीही तसंच म्हणू लागली. नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि आजूबाजूची सगळी पोरं हेच करत होती. कोणी एमबीए करत होता, कोणी पीएचडी. एक मयुरी म्हणून होती, ती तर फोनवर रोज नव्या विषयात डॉक्टर व्हायची आणि डबा खाताना हसायची. प्रणालीही हसायची. घरी जाताना बसमध्ये मात्र तिला ते आठवायला नको वाटायचं.

आणि गंमत बघा, या कामात तीच सगळ्यात पुढे निघाली. ऑफिसात ती तोलून मापून बोलायची. "मला" म्हणायची, "कशाला" म्हणायची. "मले" आणि "काहून" ती बसस्टॉपवरच ठेवून यायची, चप्पल दाराबाहेर ठेवावी तशी. पण फोनवर खेड्यातला माणूस आला की तीच घरची बोली ती बाहेर काढायची. "काय करून राहिले जी काका? जेवण झालं का?" समोरचा विरघळायचा. आपली भाषा ऑफिसात चालते ती फक्त खोटं बोलायला, हे तिच्या ध्यानात आलं होतं. आलं तसं तिने ते मागे ढकललं.

मग मिरचीचं काम आलं. कोणत्यातरी कंपनीला जाणून घ्यायचं होतं की भिवापूरची जुनी मिरची, जिचं नाव आहे ती, अजून कोण लावतं, आणि लावतं तर विकतं केव्हा, कोणाला. प्रणालीने फोन लावला तो धोंडबा हेडाऊ नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला लागला.

"नमस्कार जी काका. मी नागपूरहून प्रणाली बारापात्रे बोलून राहिली. कॉलेजात आहे, मिरचीवर प्रोजेक्ट आहे माहा."

"बारापात्रे? कुठले बारापात्रे वं?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. कॉलेज कोणतं, वर्ष कोणतं, सरांचं नाव काय, सगळं सुरुचीने पढवून ठेवलं होतं. पण सुरुचीला असं कोणी विचारत नसावं. प्रणालीसारखी कोष्ट्यांची, म्हणजे विणकर जातीची, दोन माणसं भेटली, मग ती फोनवर का भेटेनात, की आधी कोणाची तू आणि माय कुठली हेच निघतं. या प्रश्नाला खोटं बोलायचं कसं, ते प्रणालीला कोणीच शिकवलेलं नव्हतं. तोंडातून खरं निघून गेलं.

"तांडापेठचे."

"माय?"

"उमरेडची. धकाते."

"केशव धकाते कोण लागते तुहा?"

"मामा."

पलीकडे खाट करकरली. म्हातारा उठून बसला असावा. "अवं मंग तू तं आमच्यातलीच निघाली. केशव म्हणजे माह्या भाच्याचा साडभाऊ. अन् काका काय म्हणून राहिली? आबाजी म्हण."

मग आबाजींनी जी सांगायला सुरुवात केली ती थांबेना. मिरची कशी वाळवतात, देठ तोडायला बायका कुठून येतात, व्यापारी कोण खरा आणि कोण तोलताना हात दाबणारा. पोरांच्या फिया भरायच्या दिवसांत माणूस थांबू शकत नाही, मागतील त्या भावाला देऊन टाकतो, हेही सांगितलं. गावात कोणाकोणाचं तसं होतं, तेही. मधेच विचारायचे, "लिहिलं का? हळू सांगू?" आणि एकदा म्हणाले, "ते सर मारत तं नाही ना वं?"

"कॉलेजात मारत नाही जी आबाजी."

"तसं बरं आहे."

शेवटी तिने मुख्य प्रश्न विचारला. "जुनी भिवापुरी मिरची तुम्ही लावता का अजून?"

आबाजी जरा थांबले. "लावतो नं. सगळ्या वावरात तीच. घरचंच बी, माह्या बापापासून."

तेच वाक्य पुढे अहवालात सगळ्यात वर आलं, शेजारी लालभडक मिरचीचा फोटो. मीटिंगमध्ये सुरुची म्हणाली, प्रणालीसमोर लोक मन मोकळं करतात, बाकीच्यांनी शिकावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रणाली हसली, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

पुढे काही दिवसांनी, जेवायच्या सुट्टीत, आबाजींचाच फोन आला. तिचा नंबर त्यांनी त्याच दिवशी मागून घेतला होता.

"पास झाली का वं पोट्टी?"

आजूबाजूला मयुरी आणि बाकीचे डबे उघडून बसलेले. प्रणाली म्हणाली, "झाली जी. फर्स्ट क्लास."

"सर काही बोलले? मिरचीचं?"

"चांगलं आहे म्हणाले."

"हं," आबाजी म्हणाले. खूश झालेल्या माणसाचा 'हं' तो नव्हता, पण फोन लवकर संपल्याचंच प्रणालीला बरं वाटलं.

मग एका रविवारी ती न्हाऊन, केस मोकळे सोडून, स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती, आणि बाहेरच्या खोलीत तो आवाज आला. आधी कोणाचा ते कळेना. मग हातातली काडी हातातच राहिली. या आवाजाला एक माणूस असेल, त्याला पाय असतील, तो बसने नागपुरात उतरेल, असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"केशवले पत्ता इचारला," तो आवाज सांगत होता. "पोरीच्या कॉलेजच्या कामानं आलो."

"कोणत्या कॉलेजच्या जी?" वडील म्हणाले. "तिचं शिक्षण झालं. नोकरीले आहे नं ती."

पुष्पलता पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होती. तिने वळून मुलीकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर जे होतं ते आईला वाचायला शाळा लागत नाही. ती बाहेर जाऊन म्हणाली, "नोकरी करून करून शिकते ना जी. आजकालच्या पोट्ट्यांचं शिक्षण सरतेच कुठं." आणि मग, "प्रणाली, बाहेर ये वं. आबाजी आले."

प्रणाली ओले केस तसेच बांधून बाहेर आली आणि पाया पडली. म्हातारा अंगाने बारीक होता. स्वच्छ धुतलेला पायजमा, खांद्यावर दुपट्टा. तो तिच्याकडे पाहून हसला. "तू होय? आवाजावरून मोठी वाटली होती." मग त्याने पाणी प्यायलं, दुपट्ट्याने तोंड पुसलं, आणि ते झाल्यावरही पुसतच राहिला.

"तुह्याशी बोलाचं होतं. बापापुढं बोललो तरी चालते. लाज माही आहे, तुही नाही."

संजीव पंखा जरा वाढवून समोर बसले.

"ते मी खोटं सांगतलं, पोट्टी. जुनी मिरची वावरातून केव्हाचीच गेली. पाकिटाचं बी आणतो आम्ही, सगळेच आणतात. जुनी फक्त घरामागं आहे, चार झाडं. आमच्या म्हातारीले दुसरं तिखट चालत नाही म्हणून." तो खाली जमिनीकडे पाहत बोलत होता. "तू इचारलं, अजून लावता का, तं मले नाही म्हणवलं नाही. नागपूरची पोट्टी लिहून राहिली, अन् भिवापूरच्याच माणसानं नाही म्हणावं? पण तू फर्स्ट क्लास म्हणली तेव्हापासून जेवण गोड लागून नाही राहिलं. उद्या सर पाहाले आले तं त्यायले काय दाखवू? माह्यानं पोरीचं वर्ष जाईन."

"असं काही नसते जी," पुष्पलता म्हणाली.

"नसते कसं? तं मी काय म्हणतो, तू ते दुरुस्त कर. अन् आज रविवार आहे, सर घरीच असतीन. मी येतो संग. चूक माही आहे म्हणून सांगतो त्यायले."

आईने सुटायला दार उघडून ठेवलं होतं. प्रणालीने फक्त "हो आबाजी, करते" म्हणायचं होतं. सर गावाला गेले आहेत म्हणायचं होतं. तिला ते येत होतं, रोज करत होती ती. चहा झाला असता, मेथीची भाजी झाली असती, म्हातारा हलका होऊन दुपारच्या बसने घरी गेला असता. आणि तिच्यासमोर एक माणूस आपलं एवढंसं खोटं परत करायला कितीतरी गावं ओलांडून आला होता, चुलीवर पोळलेली बोटं दाखवावी तसं दाखवत होता.

"सर नाहीत, आबाजी," ती म्हणाली.

"गावाले गेले का?"

"सर नाहीतच. कॉलेज नाही. प्रोजेक्ट नाही."

आबाजींना ते पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी संजीवकडे पाहिलं, संजीव मुलीकडे पाहत होते. तेव्हा तिने सांगितलं. कंपनी काय करते, फोन कशाला करतात, विद्यार्थी आहोत असं का म्हणतात. सांगताना आवाज बारीक होत गेला, आणि भाषा तिच्या नकळत ऑफिसची झाली. "मला सांगितलं होतं तसं मी बोलले," असं ती म्हणाली, आणि तिलाच ते परक्या बाईचं वाटलं.

"मंग माह्यं बोलणं गेलं कुठं?" आबाजींनी विचारलं.

"एका कंपनीकडे. त्यांना मिरची घ्यायची आहे."

"कोणती कंपनी?"

"आम्हालेही नाव सांगत नाही जी."

पुष्पलताने मधेच आणून ठेवलेला चहा संजीवने बशीत ओतला आणि बशी तशीच ठेवली. "सल्ला देते म्हणतो मी लोकायले," ते म्हणाले. "तो सल्ला म्हणजे हाच का वं?"

 बापाने आजवर प्रणालीला कधी असं विचारलं नव्हतं. आवाज चढवलाही नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आबाजींनी दुपट्टा मांडीवर घेऊन त्याची घडी घातली. "काय काय सांगतलं मी तुले," ते म्हणाले. "फियाच्या दिवसांत कोणाची काय गत होते तेही सांगतलं. घरातलं सांगतलं. केशवची भाची म्हणून सांगतलं." मग त्यांनी मान वर केली. "तं आता तं दुरुस्त करच. सर असता तं एखादा मार्क कापला असता, सोडून देलं असतं. हे गिऱ्हाईक आहे. जुनी मिरची म्हणून पाकिटाची बांधून देल्ल्यासारखं होते ते."

"तुमचं नाव नाही टाकलं त्यात, आबाजी."

"भिवापूरचं तं टाकलं नं?"

"हो जी."

"मंग."

सोमवारी करते, असं तिने कबूल केलं. मीच फोन करीन, आबाजी म्हणाले. पुष्पलता जेवायला थांबा म्हणत होती, त्यांनी बस आहे म्हणून सांगितलं. भिवापूरकडे बस संध्याकाळपर्यंत असतात, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.  संजीव त्यांना चौकापर्यंत पोचवायला गेले आणि परत आल्यावर सरळ आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. मेथी तशीच राहिली.

सोमवारी प्रणाली सुरुचीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मॅम, भिवापूरच्या त्या शेतकऱ्यांचं उत्तर चुकीचं आहे. जुनी मिरची त्यांच्या शेतात नाही."

"तुला कसं कळलं?"

"ते घरी आले होते."

सुरुचीचा हात थांबला. "घरी? पत्ता दिलास तू?"

"पत्ता नाही दिला. आईचं माहेर सांगितलं."

सुरुचीला आधी हसू आलं, मग प्रणालीचा चेहरा पाहून तिने ते गिळलं. ती काही वाईट बाई नव्हती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाली, "इतकं काय घेतेस मनाला? काढून टाक ना त्यांना. आपण सुधारलेली फाइल पाठवू. एका माणसाने काही बिघडत नाही."

"काढायच्या ऐवजी बदलू का? शेतात नाही, पण घरामागे आहेत चार झाडं, असं लिहिते."

"कुठल्या रकान्यात लिहिशील?"

प्रणालीने स्क्रीनकडे पाहिलं. 'लावतात' असा एक रकाना होता, 'लावत नाहीत' असा एक. घरामागे, म्हातारीच्या जेवणापुरती, असा रकाना कोणी आखला नव्हता.

"आणि बाकीचं जे त्यांनी सांगितलं," तिने विचारलं, "कोणत्या दिवसांत लोक थांबू शकत नाहीत वगैरे?"

"ओळ काढलीस की तेही जाईल. पहिली फाइल क्लायंटने वाचली असेल तर त्याला आपण काय करणार?"

प्रणाली जागेवर आली. ओळीवर बोट ठेवून एक कळ दाबली. खालच्या ओळी वर सरकल्या आणि जागा भरून गेली. वरचं ते वाक्यही काढलं, फोटो तेवढा राहिला. सुरुचीने लांबूनच अंगठा दाखवला.

ऑफिस सुटायच्या वेळी फोन वाजला. प्रणाली जिन्यात जाऊन उभी राहिली.

"केलं का?" आबाजींनी विचारलं.

"केलं जी."

इथेही थांबता आलं असतं. पण ते म्हणाले, "वाच बरं. काय लिहिलं?"

"लिहिलं नाही, आबाजी. काढून टाकलं."

"खोटं होतं ते काढलं नं?"

"सगळंच काढलं. तुमचं सगळं."

"चार झाडांचंही?"

तेवढं ठेवलं, असं म्हणायला काय जात होतं? आबाजींच्या हाती तो अहवाल जन्मात पडणार नव्हता. वाक्य जिभेवर तयार होतं, घरच्या बोलीत, गोड. प्रणालीने ते तिथेच धरून ठेवलं.

"तेही," ती म्हणाली.

"ते तं खरं होतं वं."

"हो जी."

आबाजींनी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. सुटलेली पोरं जिना उतरत होती, मयुरीने चल म्हणून खूण केली. प्रणाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"उद्या कोणाले फोन लावशीन?" पलीकडून आवाज आला.

"दुसरं गाव आहे. संत्र्याचं काम आहे."

"त्यायले काय सांगशीन? कोण आहे म्हणून?"

तिने उत्तर शोधलं. खरं सांगते म्हणावं तर तेही फोनवर चांगलं दिसायला बोलल्यासारखं झालं असतं. "माहीत नाही, आबाजी," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले. मग जरा थांबून, आवाज खाली करून, "केशवले मी काही बोललो नाही तुह्याबद्दल. तूही माह्यं मिरचीचं त्याले सांगू नको."

"नाही सांगत जी," प्रणाली म्हणाली.